कूपन विकलं, आता फोटो कसे पोचवायचे?

प्रश्न : दादा नमस्कार, मी जुळे सोलापुरात छोटा स्टुडिओ चालवते, शाळांच्या गॅदरिंगची कामं घेते. आत्तापर्यंत असं चालायचं की सगळे फोटो आधी प्रिंट करायचे, शाळेत टेबल मांडायचं, पालक बघून घेणार, आणि निम्मे प्रिंट तसेच घरी परत. यंदा शाळेतच आधी २०० रुपयांचं कूपन विकायचं आणि त्याच्यावरचा कोड वेबसाइटवर टाकून पालकांनी घरबसल्या फोटो निवडायचे असं ठरवलंय. वेबसाइट करणारा मुलगा म्हणतो वूकॉमर्समध्ये, म्हणजे वेबसाइटवर दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कूपनची सोय आहेच, दहा मिनिटांचं काम. खरंच एवढं सोपं आहे का?

उत्तर : ताई, आयडिया चांगली आहे, जरूर करा. फक्त एक गोष्ट आधी पक्की धरा की कूपन विकलं त्या दिवशी ते पैसे तुमचे झालेले नसतात, तो पालकांचा तुमच्याकडे ठेवलेला अ‍ॅडव्हान्स आहे, प्रिंट त्यांच्या हातात पडली की मग तुमचा.

आता त्या मुलाचं म्हणणं. वूकॉमर्सचं कूपन मुळात डिस्काउंट द्यायला केलेलं आहे, आधी पैसे घेऊन विकायला नाही, आणि गडबड इथंच होते. वापराची मर्यादा रिकामी सोडली तर एकच कोड कितीही वेळा चालतो, म्हणजे एका आईनं तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की झालं, म्हणून प्रत्येक कोडला वापर १ असं टाकायलाच लावा. दुसरं, समजा कुणी २०० च्या कूपनवर १४० चेच फोटो घेतले तर उरलेले ६० जातात कुठं? कुठंच नाही, गायब, कारण सिस्टीमच्या लेखी ती सूट आहे, कुणी तरी शाळेच्या गेटवर रोख मोजून दिलेत हे तिला माहीतच नसतं. वर तुमच्या हिशोबात त्या ऑर्डरची विक्री शून्य दिसणार. बॅलन्स उरणारं गिफ्ट कार्डसारखं प्लगिन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला जोडायचा जादा भाग, वेगळं मिळतं, ते घेता येईल, पण मला विचाराल तर रुपयांचा घोळच नको. कूपनवर सरळ छापा, "४ फोटो, साइज ६ बाय ९". आईला कळतं, आजीला कळतं. कुणाला मोठा पाहिजे असेल तर फरक भरेल. कूपनच्या पैशांची मात्र वेगळी वही ठेवा, किती विकली, किती वापरली, किती बाकी.

६ बाय ९ मुद्दाम म्हणतोय. कॅमेऱ्याची फ्रेम ३:२ ची असते, ४ बाय ६, ६ बाय ९, ८ बाय १२ ह्यात ती पूर्ण बसते, ६ बाय ८ केलं की कडेचं कापलं जातं, आणि ग्रुप डान्समध्ये कडेला उभं असलेलं पोरगं कुणाचं तरी असतंच ना. त्याच्या आईनं पैसे भरलेत.

कोडबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. एका शाळेत मी कूपनांवर नुसते ओळीनं नंबर टाकले होते, ११०१, ११०२ असे. एका पालकानं एक आकडा चुकून टाकला आणि दुसऱ्याच मुलीचे फोटो उघडले, ऑर्डर पण केली. त्या मुलीच्या आईचा फोन आला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून वाईट वाटतं. चार आकडी नंबर म्हणजे एकूण १०,००० शक्यता, त्यातले ६०० विकले तर अंदाजानं टाकलेल्या दर सोळा-सतरा नंबरांत एक लागणारच, आणि ओळीनं असतील तर अंदाज सुद्धा करायला नको. म्हणून आठ अक्षरांचे, काही क्रम नसलेले कोड काढा, त्यात शून्य आणि ओ, एक आणि आय असली सारखी दिसणारी अक्षरं घेऊच नका, नाहीतर गॅलरी उघडल्या दिवशी संध्याकाळभर "कोड चालत नाही ओ" एवढंच ऐकत बसाल.

आणि कूपन कार्यक्रमाच्या आधी विका. त्याच्यावर क्यूआर असेल तर मेकअप रूमबाहेर मूल समोर आलं की पहिला फोटो त्या कूपनचा काढायचा, मग मुलाचे, मग पुढच्याचं कूपन. नंतर कंप्युटरवर दोन कूपनांच्या मधले सगळे फोटो त्या पहिल्या कूपनचे, नावं विचारत बसायला नको. स्टेजवरचे फोटो मात्र असे वाटता येत नाहीत, ते डान्सप्रमाणे लावा आणि त्या डान्समधल्या कूपनांनाच उघडू दे. दोन कॅमेरे असतील तर सकाळीच दोघांचं घड्याळ सेकंदापर्यंत जुळवून घ्या, म्हणजे दोन्हीकडचे फोटो वेळेप्रमाणे एका ओळीत लागतील.

जाताजाता, सिद्धेश्वरांच्या यात्रेवरचा डान्स आपल्याकडे हमखास असतो, पोरं पांढऱ्या बाराबंदीत, वर एलईडी लाइट, ऑटोवर ठेवलात तर मागच्या अंधारामुळं बाराबंदी पांढरीफेक जळते, म्हणजे फोटोत नुसता पांढरा डाग दिसतो, आणि ती नंतर परत आणता येत नाही. एक्स्पोजर खाली घ्या, म्हणजे फोटो थोडा काळपट येऊ द्या, आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा.

सगळ्यात महत्त्वाचं आता. पैसे भरून सुद्धा बरेच पालक फोटो निवडतच नाहीत, विसरतात, कोड हरवतो, संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, आला की घरातलं सगळं लक्ष तिकडं. काही जण म्हणतात चला, तेवढाच फायदा. मला हे अजिबात पटत नाही, त्या बाईनं विडी वळून, शिलाई करून दोनशे रुपये दिलेले असतात. कूपनवरच छापा की अमुक तारखेपर्यंत निवडले नाहीत तर स्टुडिओ त्या मुलाचे चार चांगले फोटो स्वतः निवडून शाळेत देईल. आणि द्या. क्यूआरमुळं कुठल्या मुलाचं कूपन ते तुमच्याकडे आहेच, अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्रिंट कुरिअरनं न पाठवता वर्गवार पाकिटं करून शाळेतच पोचवा, खर्च वाचतो.

लहान मुलांचे फोटो आहेत म्हणून गॅलरी कोडशिवाय उघडता कामा नये, गूगलवर दिसता कामा नये. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं ते मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, म्हणून कूपनच्या शाळेकडं राहणाऱ्या अर्ध्या भागावर पालकांची सही घ्या.

प्रश्न : शाळा म्हणते फोटो आमचे, तुम्ही पालकांना विकू शकत नाही. खरं का? (एक फोटोग्राफर, होटगी रोड)

उत्तर : शाळेनं तुम्हाला कामाचे पैसे दिलेत का, त्याच्यावर आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि दुसरा काही करार नसेल तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे शाळेनं बिल भरलं असेल तर शाळेचं म्हणणं बरोबर आहे. शाळेकडून काहीच न घेता फक्त पालकांना विकायच्या बोलीवर गेला असाल तर गोष्ट वेगळी, तरी एक कागद करा, विकायचा हक्क कुणाचा आणि शाळेला किती फोटो फुकट, एवढं लिहा. कार्यक्रमाच्या आधी, नंतर नाही.

प्रश्न : माझं अशोक चौकात फ्रेमचं दुकान आहे. एक फोटोग्राफर म्हणतो कूपन एकच काढू, त्याच्याकडे प्रिंट नाहीतर माझ्याकडे फ्रेम, दोन्हीकडे चालेल. चालेल का?

उत्तर : मालक, असं नका करू. ज्यानं कूपन काढलं त्याच्याकडच्याच मालाला ते चालत असेल तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, पण दुसऱ्याच्या दुकानात चालायला लागलं की ते वेगळ्या नियमात जातं, आणि ते आपल्यासारख्यांचं काम नाही. त्यापेक्षा त्यानं तुमच्याकडून फ्रेम होलसेल भावात घ्याव्यात, कूपन त्याचं एकट्याचं, "१ फोटो फ्रेमसकट", आणि तुमचं बिल त्याच्या नावानं, महिन्याला रोखीत चुकतं.