लसीची तारीख आणि भरतीची तारीख

प्रिय बेटा,

लसीनंतर किती मुलं दवाखान्यात भरती होतात हे बघायला तू यू-विनमधल्या (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतल्या) लसीच्या नोंदी आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे दवाखान्यांचे क्लेम जोडायचं काम हाती घेत आहेस, तर आधी तारखा तपास. सॉफ्टवेअर नंतर.

मेळघाटात लसीकरणाचं सत्र होतं बुधवारी आणि रेंज मिळाल्यावर ऑनलाइन नोंद चढते शनिवारी. एमआर (गोवर-रुबेला) लसीनंतर ताप आणि तापातले झटके साधारण ७ ते १० व्या दिवशी येतात. तारीख तीन दिवसांनी सरकली, की आठव्या दिवसाचा झटका पाचव्या दिवशी दिसतो आणि हिशेबातून निसटतो. पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, ताप तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशीचा, तिथे एक दिवसही फार झाला. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड आणि एएनएमताईंचं (आरोग्यसेविकेचं) रजिस्टर यांच्याशी ताळा कर.

जोडणीत नाव दगा देतं. यू-विनमध्ये ‘सुनीताचं बाळ’, क्लेममध्ये बारशाचं नाव. मोबाइल नंबर कितीदा आशाताईंचाच असतो. लस माहेरी, भरती सासरच्या तालुक्यात. जन्मतारीख, आईचं नाव आणि गाव यांतलं एक जरी जुळलं नाही, तरी ती नोंद हातानं तपास. खुर्द-बुद्रुक नीट बघ.

लस घेतलेली मुलं आणि न घेतलेली मुलं अशी तुलना टाळ. दूरच्या आदिवासी वस्तीवरचं मूल लसीलाही येत नाही आणि दवाखान्यातही पोचत नाही. झटके आलेल्या मुलांचेच लसीनंतरचे धोक्याचे दिवस आणि एरवीचे दिवस आपसांत ताड. समज, वर्षभरात १०० झटके सारखे विखुरलेत. मग एमआरनंतरच्या ७ ते १० या चार दिवसांत एखादाच पडायला हवा. सहा पडले तर वय आणि पावसाळ्यातली तापाची साथ वजा करून पुन्हा मोज. लसीआधीचे १४ दिवस वेगळे काढ, कारण तापलेल्या मुलाची लस पुढे ढकलतात आणि ते दिवस उगाच निरोगी दिसतात.

क्लेममध्ये फक्त भरती झालेली मुलं सापडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषध घेऊन घरी गेलेलं बाळ तिथे नाही. शिवाय क्लेममधल्या उपचाराच्या पॅकेजचं नाव म्हणजे निदान नव्हे, केसपेपर मागव.

लसीनंतर मृत्यू किंवा भरती कळली, तर विश्लेषणासाठी थांबू नकोस. २४ तासांच्या आत जिल्हा माता व बालसंगोपन अधिकाऱ्यांना कळव. सोबत बॅच क्रमांक आणि सत्राचं ठिकाण दे. एकाच सत्रातली दोन-तीन मुलं आजारी पडली असतील, तर एमआरची कुपी किती वाजता उघडली हे आधी विचार. विरघळवलेली लस चार तासांनंतर टाकून द्यायची असते.