डी ड्राइव्ह उघडतो, पण सेव्ह होत नाही

प्रश्न : ताई, माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून मुलाने विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून दिली. विंडोज १० सुद्धा शेजारी ठेवलंय. मिंट मला आवडलं, पण डी ड्राइव्हवरची हिशेबाची फाइल उघडते आणि सेव्ह करायला गेलं की ‘रीड-ओन्ली’ म्हणते. डिस्क गेली का? सगळं पुन्हा इन्स्टॉल करू? आणि मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ काही तासांनी चुकलेलं असतं, ते का?

उत्तर : आधी हात थांबवा. काहीही पुन्हा इन्स्टॉल करू नका. तुमच्या वर्णनावरून डिस्क खराब वाटत नाही, उलट मिंट तुमच्या हिशेबाची राखण करतंय.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तुम्ही ‘शट डाउन’ म्हणता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही. त्याचा गाभा चालू अवस्थेत जसा असतो तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उठवला जातो. त्या उतरवून ठेवलेल्या गाभ्यात डिस्कवर कुठे काय आहे याचा नकाशाही असतो. मधल्या वेळात मिंटने डी ड्राइव्हवर काही लिहिलं, तर विंडोज जागं होतं ते जुना नकाशा हातात घेऊन, आणि मग फायलींवर फायली चढतात. हे टाळायला मिंट तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं.

उपाय विंडोजमध्ये करायचा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जा. तिथे पॉवरच्या बटणांनी काय करायचं हे ठरवण्याचा दुवा आहे. आत ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढा. ती खूण फिकट दिसत असेल आणि हलत नसेल तर वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबा, मग हलते. नंतर विंडोज एकदा नीट बंद करा आणि मिंटमध्ये या. आज घाई असेल तर विंडोजमधून ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करून मिंट निवडा. रीस्टार्टला ती सोय लागू होत नाही.

कुणी सांगेल की विंडोजने ठेवलेली ती अवस्था पुसून टाका आणि ड्राइव्ह जबरदस्तीने उघडा. कृपा करून करू नका. मी एकदा केलं होतं. मुद्रितांचं काम अडलं होतं आणि मला दहा मिनिटंही थांबायचं नव्हतं. विंडोजमध्ये अर्धवट उघड्या राहिलेल्या फायलीतल्या दोन प्रकरणांच्या दुरुस्त्या गेल्या. त्या पुन्हा करताना झालेला मनस्ताप अजून आठवतो, म्हणून इतकं कळकळीने सांगते.

घड्याळाचं कारण साधं आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी. दोघं एकमेकांचे काटे फिरवतात, म्हणून चूक नेमकी त्या दोन वेळांमधल्या फरकाएवढीच असते, ताडून पाहा. मिंटमध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘timedatectl set-local-rtc 1’ असं लिहून एंटर दाबलं की लिनक्सही स्थानिक वेळ पाळतं. विंडोज कायमचं काढाल त्या दिवशी एकच्या जागी शून्य करा.

प्रश्न : ऑफिसातून आलेली वर्डची फाइल मिंटवरच्या लिब्रेऑफिस या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की चाळीस पानांची बेचाळीस होतात, तक्ते खाली घसरतात. लिब्रेऑफिस कच्चं आहे, असंच समजायचं का?

उत्तर : पाने वाढली की मी सगळ्यात आधी फाँट बघते. मजकुरात कुठेही कर्सर ठेवा आणि वर फाँटच्या नावाची चौकट पाहा. नाव तिरप्या अक्षरांत दिसलं, तर तो फाँट तुमच्या संगणकावर नाही आणि त्याच्या जागी दुसरा घेतलाय. बदली अक्षर केसभर रुंद असलं तरी ओळीतला शेवटचा शब्द खाली जातो, परिच्छेदाला एक ओळ वाढते आणि चाळीस पानांत ते साचत जातं.

यावर फार विचारपूर्वक तयार केलेले मुक्त फाँट आहेत. कॅलिब्रीसाठी कार्लिटो, कँब्रियासाठी कॅलाडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन कुटुंबातले सॅन्स आणि सेरिफ. यांचं वळण मूळ फाँटपेक्षा वेगळं आहे, पण प्रत्येक अक्षराची रुंदी तंतोतंत तीच, त्यामुळे ओळ मूळ जागीच तुटते. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नावाने शोधून ते बसवा आणि फाइल पुन्हा उघडा.

तक्ते तरीही हलत असतील तर तो लिब्रेऑफिसचा खरा उणेपणा आहे, विशेषतः मजकुराच्या चौकटी आणि चित्रं एकमेकांत गुंतलेली असतात तेव्हा. तो मी झाकणार नाही. फक्त वाचायला पाठवायचं असेल तर पीडीएफ पाठवा. समोरच्याला दुरुस्त्या करायच्या असतील तर त्यांना साधी मांडणी ठेवायची विनंती करा, लोक ऐकतात.

प्रश्न : मिंटवर ‘दऱ्या’ लिहायला गेले की ‘दर्या’ उमटतं. काय चुकतंय?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक बुडालेला मला बघवत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट ही कळींची मांडणी जोडा. तिथे इंग्रजी ‘J’ या कळीवर र आहे आणि शिफ्टसकट ‘J’ दाबलं की ऱ, म्हणजे खाली टिंब असलेला र. मग ‘D’ ही हलन्ताची, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची कळ आणि त्यानंतर य. ‘ऱ्य’ तयार.

एक सावधगिरी. जुन्या फायलींत हेच अक्षर साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक असंही लिहिलेलं असतं. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण ‘फाइंड’ला एक सापडतं तेव्हा दुसरं सुटू शकतं. मी दोन्ही रूपं शोधते आणि सगळीकडे ऱ करून घेते.

प्रश्न : माउसचं चाक चुकून दाबलं गेलं की लेखात भलताच मजकूर येऊन पडतो. व्हायरस आहे का?

उत्तर : नाही. लिनक्सवर मजकूर नुसता निवडला तरी तो वेगळा लक्षात ठेवला जातो आणि मधलं बटण दाबलं की तिथे उतरतो. कंट्रोल-सीने घेतलेलं त्याच वेळी शाबूत असतं. मी लेखाचं नाव कंट्रोल-सीने घेते, पानाचा आकडा नुसता निवडते आणि दोन्ही एकाच फेरीत अनुक्रमणिकेत टाकते. आठवडाभर वापरून पाहा, आणि तरीही नकोसं वाटलं तर मला पुन्हा लिहा.