अमेरिकेत स्वस्तातली जुनी लष्करी रायफल घ्यायची आहे. भारतीय बनावटीची इशापूर २ए१ ही जुन्या थ्री-नॉट-थ्रीची नळी पोखरून केलेली असते, फुटू शकते असं ऐकलं. त्यापेक्षा रशियन मोसिन-नागान घेऊ का?

नाही, पोखरलेली नसते. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणूनच लिहायला बसलोय.

माझे बाबा पोलिसात हवालदार होते. अर्धी नोकरी थ्री-नॉट-थ्री खांद्यावर. इथे ओहायोत आले तेव्हा माझी २ए१ दाखवायला त्यांना रेंजवर घेऊन गेलो. केसमधून काढली तर दोन पावलांवरूनच म्हणाले, "मॅगझिन आमच्यासारखं नाही रे." बरोबर पकडलं. त्यांचं दहा राउंडांचं, हिचं बारांचं, डब्यासारखं चौकोनी. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, २ए१ च्या ७.६२ नाटो काडतुसाला नसते, म्हणून मॅगझिनच वेगळं करावं लागलं.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारा मोसिन घेऊन बसला होता. माझी रायफल बघून उठला, आपलं सामान दोन टेबलं पलीकडे नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जुनी थ्री-नॉट-थ्री पोखरून केलीय. तोंडावर फुटेल."

बाबांनी विचारलं, काय म्हणतोय? सांगितलं.

"अरे, थ्री-नॉट-थ्रीची गोळी हिच्या गोळीपेक्षा केसभर जाडच असते की. पोखरून भोक लहान होतं होय?"

याचं उत्तर मला आजवर एकाही तज्ज्ञाने दिलेलं नाही. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने या रायफली नव्याने, जास्त मजबूत पोलादात बनवल्या. १९६५ पासूनची ती २ए१. त्याआधीच्या २ए पेक्षा मागच्या साइटवर (नेम धरायच्या पट्टीवर) २००० ऐवजी ८०० पर्यंतचेच अंतराचे आकडे, एवढाच मुख्य फरक. माझीवर कॅलिबर आणि १९६७ साल चक्क ठोकलेलं आहे. वाचता येणाऱ्याने वाचावं.

मी दहा राउंड मारले, काही फुटलं नाही. तोवर म्हाताऱ्याच्या मोसिनचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) अडकला होता आणि तो लाकडी ठोकळ्याने ठोकून उघडत होता. मी काही बोललो नाही. आता बोलतोय.

मोसिन वाईट नाही. पण ती शंभर डॉलरला मिळायची ते दिवस गेले, आणि २०२१ मध्ये रशियन दारूगोळ्याचे नवे आयात परवाने बंद झाल्यापासून तिचं खाणंही महागलं. जुनी सरप्लस, म्हणजे लष्कराने विकून टाकलेली, काडतुसं मारलीत तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा. प्रायमरमधलं (काडतूस पेटवणाऱ्या टोपीतलं) मीठ रात्रभरात गंज चढवतं. तेल नुसतं फासून मीठ जात नाही, कोणी काहीही सांगो.

२ए१ घेताना नळीत उजेड टाकून बघा, बोल्टचा आणि रायफलीचा नंबर जुळतो का पहा, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा) गनस्मिथकडून मोजून घ्या. दुकानातली .३०८ (७.६२ नाटोची नागरी बहीण) मी साधी, १५० ग्रेन वजनाच्या आसपासच्या गोळीचीच वापरतो. झणझणीत लोड नको, साठ वर्षांची बाई आहे ती.

आणि हो, तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात ते लिहिलं नाहीत. एच-१बी किंवा तसल्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. बाबा पाहुणे म्हणून आलेले, त्यामुळे त्या दिवशी त्यांनी रायफलीला बोटही लावलं नाही. हात मागे बांधून माझ्या पाठीशी उभे, आणि दर राउंडला तेच: "चाप ओढू नकोस. दाब."