एपीआरएस सुरू करताना

हौशी रेडिओचा परवाना आणि कॉलसाइन (हवेतले तुमचे ओळखचिन्ह) हाती आल्याचे तुमच्या पत्रात वाचून आनंद झाला; आता एपीआरएस, म्हणजे रेडिओवरून आपले स्थान आणि छोटे संदेश पाठवण्याची पद्धत, कशी सुरू करावी ते सांगतो. सुरुवातीला प्रक्षेपणाची घाई न करता फक्त ऐका: संगणकावर डायर वुल्फ (रेडिओतून येणारे सूर उलगडून मजकूर दाखवणारे सॉफ्टवेअर) चालू ठेवा, रेडिओचा स्क्वेल्च (संकेत नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा आणि आवाज इतकाच ठेवा की 1200 बॉडचे (माहिती पाठवण्याचा वेग) सूर कापले जाणार नाहीत, कारण नवख्यांची बरीच पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) आवाज जास्त वाढवल्यामुळेच वाया जातात.

मग आपले स्थान भरा, आणि ते सावकाश भरा. ठाण्याचा अक्षांश दशांशात सुमारे 19.20 असला, तरी अंश-मिनिटांत तो 19 अंश 12 मिनिटे होतो. तिथे 19 अंश 20 मिनिटे लिहिलेत, तर तुमचे केंद्र नकाशावर सुमारे 15 किलोमीटर उत्तरेला, खाडीपलीकडे दिसेल.

घरातल्या केंद्राने अर्ध्या तासातून एकदा स्थान कळवले तरी पुरते; रेडिओ वारंवारता (फ्रिक्वेन्सी) सर्वांची आहे, म्हणून दर मिनिटाला प्रक्षेपण नको. संदेश 67 रोमन अक्षरांत बसवा, पोच येईपर्यंत थांबा, आणि तो कोणीही वाचू शकतो हे लक्षात ठेवूनच लिहा.

येऊर किंवा पारसिकच्या डोंगराआड राहत असाल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी अँटेना उंच करून पाहा. डिजिपीटर (पॅकेट ऐकून पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र) आणि आयगेट (पॅकेट इंटरनेटवर पोहोचवणारे केंद्र) उभारणे सध्या बाजूला राहू द्या.