सेलिब्रिटींच्या घटस्फोटात मुलांचा ताबा कोणाला मिळेल यावर ऑनलाइन पैज लावून पैसे सुटतात का?

कोणाचे तरी सुटत असतीलच. पण भाव बघून उडी मारण्याआधी त्या पैजेत 'जिंकणं' कशाला धरलंय ते वाचा. मूल राहणार कोणाकडे हे वेगळं, त्याच्या शाळा-दवाखान्याचे निर्णय कोण घेणार हे वेगळं. बरं, निकाल टिकेलच असंही नाही. ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोलीच्या प्रकरणात मे 2021 मध्ये खाजगी न्यायाधीशांनी (म्हणजे दोघांनी मिळून पैसे देऊन नेमलेल्या) संयुक्त ताब्याचा तात्पुरता निर्णय दिला आणि जुलैत कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने त्या न्यायाधीशांनाच खटल्यातून दूर केलं. आता पैसे कोणाला? ब्रिटनी स्पीअर्सची मुलं ऑक्टोबर 2007 मध्ये कोर्टाच्या आदेशाने वडिलांकडे गेली, पण प्रकरण मिटलं जुलै 2008 मध्ये, आपसातल्या तडजोडीने. अशी तडजोड बंद खोलीत होते. ती आधी कळते वकिलांना, मॅनेजरला. तुम्हाला नाही.

आता मी हे लिहायला का बसले ते. माझ्या आईवडिलांची केस चालू होती तेव्हा माझ्या मामाने मित्रांबरोबर पैज लावली होती. तीही वडिलांच्या बाजूने! सख्खी बहीण, पण "तिला नोकरी कुठे होती गं, वकीलही बेताचाच." हे त्याने मला मी मोठी झाल्यावर सांगितलं, जेवताना, हसत हसत. तोच मला कोर्टात घेऊन जायचा. गाडीत विचारायचा, "साहेबांनी विचारलं तर काय सांगशील? बाबांचं घर मोठं आहे, नाही का?" मला वाटायचं मामाला माझी काळजी. न्यायाधीशांनी आत बोलावून विचारलं, मी आईचं नाव घेतलं. "तुझ्यामुळे हरलो की मी!" म्हणे.

त्याचं अजूनही एकच पालुपद: पैजेने निकाल थोडाच बदलतो? अरे, मग गाडीत काय चाललं होतं?

हां, तुम्ही सातासमुद्रापारच्या नटनट्यांवर लावणार, त्यांच्या पोरांशी तुमची गाठ पडायची नाही, हे मान्य. तरी मला ते किळसवाणंच वाटतं. आणि घरातल्याच कोणाच्या केसवर पैसे लावले असतील, तर निदान त्या पोराला कोर्टात सोडायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.