सायकलची नवी कॅसेट आणि टायर घेण्याआधी सीट, केबल आणि फाटलेली ट्यूब नीट बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जूनमध्ये घेतलेली हायब्रिड सायकल, 700 बाय 35 चे टायर, पुढे तीन आणि मागे आठ गिअर. दर रविवारी खडकवासल्याच्या रस्त्याला चाळीसेक किलोमीटर. पंचवीस किलोमीटर झाले की गुडघा पुढून, वाटीपाशी दुखायला लागतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. चढावर जोर लावला की चेन कडकड करत उडते. आणि गेल्या महिन्यात मागचं चाक तीनदा पंक्चर झालं. दुकानात कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी गिअरचाकांचा संच), चेन आणि दोन्ही टायर बदलायला सांगितले. एवढा खर्च केला तर डिसेंबरात सिंहगड चढता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

माझं स्पष्ट मत: तूर्त यातलं काहीही विकत घेऊ नका. आठ-नऊशे किलोमीटरमध्ये कॅसेट सहसा संपत नाही. तुमच्या चारही तक्रारी आपलं कारण स्वतःच सांगताहेत, फक्त त्या कुठे आणि कधी होतात ते बारकाईने बघायला हवं. मी अकरा वर्षं पुण्यातल्या आणि आसपासच्या घाटांत सायकल चालवते आणि आमच्या ग्रुपमधल्या नव्या लोकांच्या सायकली रविवारी सकाळी तपासून देते. तुमच्यासारखीच यादी घेऊन दर हिवाळ्यात कोणीतरी येतं.

गुडघ्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं थांबू शकतं, गुडघा थांबू शकत नाही.

गुडघा पुढून दुखत असेल तर पहिला संशय सीट खाली असल्याचा. मागून, लवणीत दुखत असेल तर सीट जास्त वर. आपल्याकडे सीट खाली राहण्याचं कारण ठरलेलं आहे: सिग्नलला बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असं सगळ्यांना वाटतं. लहानपणी तशीच शिकलो ना आपण. पण दोन्ही पाय टेकतील एवढी सीट खाली घेतली की पेडल वर येताना गुडघा जरुरीपेक्षा जास्त वाकतो, आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच तुम्ही जोर लावता. तासाला चार हजारांहून जास्त वेळा. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय जमिनीवर, दुसरा पेडलवर. दोन दिवसांत सवय होते.

उंची मोजायची सोपी रीत: भिंतीला धरून सीटवर बसा, चप्पल नको, सायकलिंगचेच बूट घाला. पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला न कलता. मग चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. आकड्यात हवं असेल तर भिंतीला टेकून उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. त्याला 0.883 ने गुणा. 80 सेंटीमीटर आलं तर क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत 70.6 सेंटीमीटर. हे सुरुवातीचं माप आहे, देवाची रेघ नव्हे. आधी सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, सध्याच्या जागी चिकटपट्टी लावा, मग एका वेळी पाच मिलिमीटरच वर घ्या आणि दोन राइड तशीच चालवा. एकदम तीन सेंटीमीटर चढवलीत तर नवं दुखणं सुरू होईल आणि कशाने काय झालं ते कळणार नाही. सीटपोस्टवर कमीत कमी किती भाग आत हवा त्याची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. सीट फार पुढे सरकवलेली असेल तरीही गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो, तेही बघून घ्या.

आणि गिअर. तुम्ही लिहिलंय की सपाट रस्त्यावर 'जड गिअरवर चांगला व्यायाम होतो'. असं करू नका. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. वीसच्या आसपास हवा, म्हणजे मिनिटाला ऐंशी. तेरा-चौदा आला तर गिअर हलका करा. व्यायाम तेवढाच होईल आणि गुडघा वाचेल. एवढं करूनही जिना चढताना, बसून उठताना दुखत असेल किंवा सूज असेल, तर सायकल बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

बोटांचं थोडक्यात. करंगळी आणि अनामिका बधिर होते म्हणजे तळव्याच्या करंगळीकडच्या उंचवट्यातून जाणारी नस दाबली जातेय. सीटचं टोक खाली झुकलेलं आहे का ते बघा, बरेच जण आराम मिळेल म्हणून तसं करतात. मग शरीर पुढे घसरतं आणि सगळं वजन हातांवर येतं. सीट समांतर करा, मोबाइलमधली लेव्हल चालते. ब्रेकचे लिव्हर असे फिरवा की बोटं त्यावर ठेवल्यावर मनगट मागे मोडणार नाही, हात कोपरापासून बोटांपर्यंत सरळ येईल. कोपरं जराशी सैल ठेवा. बहुतेकांना एवढ्याने फरक पडतो. जेलचे ग्लोव्हज हवे तर नंतर.

आता चेन उडण्याकडे. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण याच कारणासाठी लोकांना विनाकारण कॅसेट विकली जाते.

आधी चेन मोजा. घरातली स्टीलची फूटपट्टी पुरेल. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंचांवर चोविसावी पिन येते. ती पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच गेली असेल तर त्या चेनने कॅसेटचे दातही खाल्ले असणार, मग दोन्ही बदला. तुम्ही पावसाळाभर चालवली आहे, त्यामुळे मोजणं टाळू नका. चिखलाची रेती चेनमध्ये राहिली की ती सँडपेपरसारखं काम करते. पण माझा अंदाज आहे की माप ठीक येईल.

मग राहते केबल. नव्या सायकलीत पहिल्या काही महिन्यांत केबलचं बाहेरचं आवरण आपापल्या टोप्यांमध्ये नीट बसत जातं आणि आतली तार किंचित सैल पडते. लोक म्हणतात केबल ताणली. परिणाम असा की डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, गिअरच्या बरोबर खाली न राहता केसभर बाहेर राहतो. सपाटीवर चेन चालून जाते, चढावर जोर पडला की दातावरून उडी मारते. डिरेलरमध्ये केबल जिथून शिरते तिथे हाताने फिरवायचा एक गोल नॉब असतो. सायकल स्टँडवर घ्या, किंवा कोणाला तरी मागून सीट धरून उचलायला सांगा. पेडल फिरवत मागचे गिअर एक एक करून लहान दातेरी चाकाकडून मोठ्या दातेरी चाकाकडे घ्या. मोठ्या चाकावर चढताना चेन रेंगाळत असेल तर सायकलीच्या मागून बघत नॉब घड्याळाच्या काट्यांच्या उलट पाव फेरा फिरवा. लहान चाकावर उतरताना रेंगाळत असेल तर काट्यांच्या दिशेने पाव फेरा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पुन्हा सगळे गिअर बदलून बघा. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात आवाज बंद होतो आणि तो क्षण फार छान असतो.

डिरेलरवरच्या दोन छोट्या स्क्रूंना मात्र उगाच हात लावू नका. त्यातला एक चेनला सगळ्यात लहान चाकापलीकडे पडण्यापासून अडवतो, दुसरा सगळ्यात मोठ्या चाकापलीकडे स्पोकमध्ये जाण्यापासून. गिअर उडतोय म्हणून हे फिरवणारे मी पाहिले आहेत. त्याने दुरुस्ती होत नाही, धोका मात्र वाढतो.

नॉबने एक गिअर जुळतो आणि दुसरा बिघडतो, असं होत राहिलं तर हँगर बहुधा वाकलेला आहे. ज्या छोट्या तुकड्याने डिरेलर फ्रेमला जोडलेला असतो तो हँगर. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरचा धक्का लागून सायकल उजव्या अंगावर पडली, तरी तेवढ्याने वाकतो. मागे उभे राहून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या पुली आणि त्यांच्या वरचं गिअरचं चाक एका सरळ रेषेत दिसायला हवं. खालची पुली स्पोककडे झुकलेली दिसली तर सायकल चालवू नका, दुकानात हँगर सरळ करून घ्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. हे एवढं आग्रहाने सांगते, कारण माझ्या बाबतीत ते घडलंय. ताम्हिणीहून परतताना सायकल जीपमध्ये उजव्या अंगावर आडवी ठेवली होती. पुढच्या रविवारी बोपदेव घाटात सगळ्यात हलका गिअर टाकला आणि डिरेलर थेट स्पोकमध्ये गेला. दोन स्पोक तुटले, डिरेलर मोडला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. चढ होता, वेग नव्हता, म्हणून पडले नाही.

एक सवयही तपासा. चढाच्या मध्यावर, पूर्ण ताकद लावत असताना गिअर बदलू नका. चढ दिसला की आधीच हलका करा. बदलावाच लागला तर अर्धा फेरा पाय सैल सोडा. आणि पुढे मोठं चाक असताना मागेही मोठं, किंवा दोन्हीकडे लहान, अशी जोडी टाळा. चेन तिरकी चालते आणि आवाज करते.

पंक्चर. तुम्ही तिन्ही वेळा पंक्चरवाल्याकडे दिलंत, चकती लावून घेतलीत आणि निघालात. ट्यूब कुठे फुटली होती ते पाहिलंत का? सगळं उत्तर तिथे आहे.

पुढच्या वेळी टायरवरचं लेबल व्हॉल्वच्या समोर येईल असा टायर बसवा. पंक्चर झालं की ट्यूब काढा, हवा भरा, भोक शोधा आणि ट्यूब पुन्हा चाकाजवळ तशीच धरून टायरमधली नेमकी जागा काढा. भोक रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काहीतरी घुसलंय आणि बहुधा अजून आत आहे. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, सापाने चावल्यासारख्या, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूबला चिमटा काढला. भोक आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचं टोक किंवा भोकाची धार ट्यूबला घासतेय. टायर बदलून यातलं हे तिसरं कारण जन्मात जाणार नाही. व्हॉल्वच्या मुळाशी फाटलं असेल तर पंप लावताना हिसका बसतोय.

तीनदा मागचंच चाक आणि नोव्हेंबर, त्यामुळे माझा पहिला संशय सराट्यावर. पाऊस संपला की रस्त्याच्या कडेचे सराटे वाळतात, काटे डांबरावर येतात आणि आपण गाड्यांना घाबरून नेमके त्याच कडेने चालवतो. काटा टायरमध्ये मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही, नवी चकती लावली तरी दोन दिवसांत पुन्हा टोचतो. दुसरा संशय हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटलेल्या केसासारख्या बारीक तारेवर. हे शोधायला टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे थांबा. बोट फिरवू नका, कापतं. चिमट्याने ओढून काढा आणि मगच ट्यूब घाला.

हवा अंगठ्याने दाबून ठरवू नका. 35 च्या टायरला अंगठ्याखाली 40 आणि 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जवळपास सारखेच लागतात. मीटरवाला उभा पंप ही एक वस्तू मात्र जरूर घ्या. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, त्या मर्यादेत राहून तुमच्या 78 किलो वजनाला मागे 55 ते 60, पुढे 45 ते 50 पासून सुरुवात करा. जास्तीत जास्त म्हणजे उत्तम, असं नाही. टणक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, हात आणखी बधिर होतात. ट्यूबमधून हवा आपोआप झिरपते, म्हणून दर रविवारी निघण्याआधी बघायची. पेट्रोल पंपावर भरायचीच वेळ आली तर मोटारगाडीसारखा जाड व्हॉल्व असेल तरच, आणि थोडी थोडी. एवढ्याशा ट्यूबमध्ये तो दाब क्षणात वाढतो.

सिंहगडाबद्दल. पायथ्याच्या गोळेवाडीपासून साधारण नऊ किलोमीटरचा घाट आहे आणि तुमची सायकल त्यासाठी पुरेशी आहे. तुम्ही लिहिल्याप्रमाणे पुढे 28 दात आणि मागे 32 असतील तर पेडलच्या एका फेऱ्याला सायकल जेमतेम 1.9 मीटर पुढे जाते. त्या गिअरवर बसून, बोलता येईल अशा गतीने चढा. चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी जास्त करा: ब्रेकच्या पॅडची जाडी बघा. डिस्क ब्रेक असेल तर चेनला तेल घालताना एकही थेंब डिस्कवर जाऊ देऊ नका. चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब, पाच मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने पुसायचं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

या रविवारी राइडऐवजी दोन तास सायकलीपाशी बसा. आधी सीट, मग चेनचं माप, मग नॉब. मागची ट्यूब काढून तिन्ही चकत्यांचा एकच फोटो टाका, व्हॉल्व दिसेल असा, आणि डिरेलरचा एक फोटो मागून. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या गिअरवर काढलेत तर हँगरचं मी लगेच सांगू शकेन.