परसातील कोंबड्यांचा खाऊ: काय द्यावा, किती द्यावा आणि केव्हा द्यावा

परसात पाळलेल्या, अंडी देणाऱ्या सहा कोंबड्यांना खाद्याखेरीज आरोग्याला चांगला असा कोणता खाऊ द्यावा, आणि मक्याचे दाणे दिसताच त्या खाद्याकडे पाठ फिरवतात याची काळजी करावी का, असे आपण विचारले आहे. मी दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण काळजीचे कारण तिथेच आहे.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या तयार लेअर खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि ४ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असते, तर मक्यात प्रथिने जेमतेम ८-९ टक्के आणि कॅल्शियम जवळजवळ नसतेच. एका अंड्याच्या कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते आणि ते खाण्यातून मिळाले नाही, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणूनच खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, असे सांगितले जाते. आपल्या सहा कोंबड्यांचा दिवसभराचा दाण्यांचा खाऊ या हिशेबाने दोन मुठींत मावतो. पाल्यात बहुतांशी पाणीच असल्यामुळे त्याला हा हिशेब इतका काटेकोर लावण्याची गरज नाही; दाणे, बिया आणि वाळवलेले किडे यांना मात्र तो जरूर लावावा.

हे मी अनुभवाने शिकलो. पहिल्या वर्षी सकाळी खुराडे उघडताच मी मका टाकत असे, कारण कोंबड्या पायांशी धावत येत आणि ते पाहून फार बरे वाटे. काही आठवड्यांनी एक अंडे उचलताना त्याचे कवच माझ्या अंगठ्याखाली दबले आणि बारीक तडा गेला. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. सकाळचा मका बंद केला, कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला, तेव्हा कवच हळूहळू पूर्ववत टणक झाले. तेव्हापासून खाऊ दुपार कलल्यावरच, म्हणजे त्यांनी खाद्य पोटभर खाल्ल्यानंतरच देतो. आपणही एवढा एक बदल करून पाहावा. खाद्य उरण्याची तक्रार बहुधा त्यानेच मिटेल.

आता काय द्यावे ते सांगतो. माझी पहिली पसंती हिरव्या पाल्याला आहे. कोबी, कोवळे गवत, गाजराचा पाला, मेथी, शेवग्याची पाने हे सर्व चालते, आणि पाल्यातील रंगद्रव्यांमुळे अंड्याचा बलकही गडद होतो. पालकात कॅल्शियमला बांधून ठेवणारे ऑक्झॅलेट बरेच असते, म्हणून तो अधूनमधूनच द्यावा. पाला बारीक चिरावा किंवा जुडी घट्ट बांधून टांगावी, म्हणजे कोंबड्यांना तो टोचून तोडावा लागतो. लांब, चिवट गवताचे धागे तसेच गिळले गेले तर गळ्याखालच्या अन्नपिशवीत त्यांचा गोळा होऊन ती तुंबते. टांगलेल्या कोबीच्या गड्ड्याचा आणखी एक फायदा असा, की बंदिस्त जागेत कंटाळून एकमेकींची पिसे उपटणाऱ्या कोंबड्या त्यात गुंतून राहतात.

भोपळा, काकडी आणि कलिंगड उन्हाच्या दिवसांत उत्तम. भोपळ्याच्या बिया जंतांवर औषध म्हणून सर्रास सुचवल्या जातात. खाऊ म्हणून त्या अवश्य द्याव्यात, परंतु जंतांची शंका असेल तर पशुवैद्यकाकडून विष्ठा तपासून घ्यावी आणि केवळ बियांवर विसंबू नये.

पिसे झडण्याच्या काळात खाऊची निवड बदलावी. पीस बहुतांशी प्रथिनांचेच बनलेले असते, त्यामुळे त्या दिवसांत वाळवलेल्या अळ्या किंवा उकडून कुस्करलेले अंडे दिल्यास पिसे भरून येण्यास मदत होते. अंड्याची कवचे द्यायची असल्यास ती भाजून इतकी बारीक चुरावीत की अंड्याचा आकार ओळखू येणार नाही, नाहीतर काही कोंबड्यांना घरट्यातील अंडी फोडण्याची खोड लागू शकते. कोंबडीला दात नसतात. दाणे पोटातील दणकट स्नायूंच्या पिशवीत खड्यांच्या साहाय्याने दळले जातात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या खडे स्वतःच शोधतात, पण बंदिस्त कोंबड्यांना दाण्यांबरोबर बारीक खडेही ठेवावे लागतात. शिंपल्यांचा चुरा पोटात विरघळून जातो, म्हणून तो या खड्यांची जागा घेऊ शकत नाही.

काही गोष्टी मात्र अजिबात देऊ नयेत. अ‍ॅव्होकॅडोची साल, कोय आणि पाने, चॉकलेट, हिरवा पडलेला बटाटा आणि कच्चा राजमा या त्यांपैकी ठळक होत. राजमा भिजवून चांगला खळखळून उकळलेला असेल तर थोडा चालतो. कांदा, खारवलेले पदार्थ आणि तळलेले पदार्थही टाळावेत. बुरशी आलेल्या धान्याबद्दल तर मी विशेष आग्रहाने सांगेन. माणसांना नको म्हणून बाजूला काढलेले कुबट दाणे कोंबड्यांपुढे टाकण्याची पद्धत सर्वत्र आढळते, परंतु अशा धान्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष त्यांच्या यकृताला घातक असते आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. पाव विषारी नसला तरी तो ओला होऊन अन्नपिशवीत लगदा करतो, म्हणून मी तो देत नाही.

नवा पदार्थ प्रथम अगदी थोडा द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, खाद्य ठेवण्यापूर्वी, कोंबडीच्या छातीच्या वरच्या भागावर, किंचित उजवीकडे, बोटांनी हलकेच चाचपून पाहावे. रात्रभरात अन्नपिशवी रिकामी होऊन सपाट झालेली असावी. ती पिठाच्या गोळ्यासारखी घट्ट लागली किंवा पाणी भरलेल्या फुग्यासारखी डुचमळत असून चोचीला आंबूस वास येत असेल, तर सर्व खाऊ थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे.